हामूर वाचवण्याची माझी मोहीम

माझ्या वडिलांची नोकरी मी एका शुक्रवारी सकाळी, पूर्ण शुद्धीत आणि निव्वळ तत्त्वासाठी, धोक्यात घातली.

आधी तत्त्व सांगते, नोकरी नंतर. (मोहिमेतल्या माणसाचा क्रम हाच असतो. घरच्यांना विचारा!)

बहरीनच्या मासेमारी बोटींवर हल्ली एक नवीन सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी मासे शोधणारं मशीन, येऊ लागलंय. जुनं मशीन बोटीखाली काय आहे तेवढं सांगायचं, तेही मासा निघून गेल्यावर. नवीन मशीन बोटीच्या पुढ्यातलं पाणी जिवंत दाखवतं. मासा कुठे बसलाय, कुठे वळला, तुमचं आमिष खाली येताना बघून पुढे सरकला की मागे, सगळं पडद्यावर. सिनेमाच! परदेशात तळ्यांवर बास नावाचा मासा पकडायच्या स्पर्धा होतात. तिथलेच गळवाले म्हणतात की हे मशीन आल्यापासून बास बिचकू लागलेत, आमिषाजवळ येतात आणि तोंड फिरवून निघून जातात. आमच्याकडचा हामूर हा त्या बासचा लांबचा चुलतभाऊ. तो आधीच बाजारात दिवसेंदिवस आखूड होत चाललाय, त्यात ही हेरगिरी! मी पेटले. तीन भाषांत पत्रक काढलं, सात मागण्या केल्या. ‘सोनारच्या टिकटिकीने मासे भयाने वेडे होतात’ हे वाक्य ठळक अक्षरांत छापलं. (खात्री नव्हती. म्हणूनच ठळक.)

आणि हे मशीन बोटींवर बसवतं कोण? माझे बाबा.

बाबा वर्ध्याचे. वीस वर्षं मीना सलमान बंदरातल्या एका वर्कशॉपमध्ये बोटींची इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करतात. वर्कशॉपचे मालक बू खालिद यांनी पहिलं नवीन सोनार आणलं आणि स्वतःच्याच बोटीवर बाबांकडून बसवून घेतलं. शुक्रवारी समुद्रावर चाचणी होती. मासा मिळाला तर मशीन चांगलं, ते बसवणारा चांगला आणि पुढच्या महिन्यात बाबांचा व्हिसा रिन्यू. नाही मिळाला तर खलास, सत्तावन्नाव्या वर्षी वर्धा.

गुरुवारी संध्याकाळी बाबांनी मला गॅलरीत बोलावलं.

“तुले उद्या संगं यायचं हाय.”

“मी? त्या मशीनच्या बोटीवर? बाबा, माझी भूमिका तुम्हाला माहीत आहे!”

“भूमिका ठेव घरी. मले पडद्यावरचं दिसत नाही.”

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सहा महिने त्यांनी तो वर्कशॉपमधल्या सगळ्यांपासून लपवला होता. तारा ते बोटांनी ओळखत, स्क्रू चाचपून बसवत. पण पडद्यावरचे फिकट ठिपके बोटांना कसे दिसणार? ऑपरेशन लीव्हवर गेल्यावर, आणि लीव्ह व्हिसानंतर. तोवर बू खालिदला कळता कामा नये.

आईने स्वयंपाकघरातून हाक दिली, “अवं, फक्त पाह्य अन् सांग! तिथं भाषन देऊ नोको!”

शुक्रवारी सकाळची वंदना आटोपून आम्ही झिंजच्या फ्लॅटमधून निघालो, मी बाबांच्या दोन पावलं मागे. एक तर मला पोहता येत नाही. समुद्राच्या बाजूने मी खूप लिहिलंय, पण समुद्रात कधी गेले नव्हते! आणि हामूरचा शत्रू आज चालवणार कोण? तर मीच.

बू खालिद साठीचे, पांढऱ्या दाढीचे, आवाज भोंग्यासारखा.

“ये कौन?”

“मेरा बेटी,” बाबा म्हणाले. “कॉम्प्युटर बहुत जानता है.”

“ज़ैन! बैठो, बिंत!”

(ज़ैन म्हणजे छान, बिंत म्हणजे मुलगी. दिवसभर माझं तेच नाव होतं.)

मला पडद्यासमोर बसवलं. पाण्यात सोडलेलं सोनार फिरवायचा दांडा माझ्या हाती आला. बाबा शेजारी, गळाची दोरी धरून. बू खालिद सुकाणूवर. त्यांनी जाहीर केलं, “चालीस साल मैं देखा. आज मैं नहीं देखेगा. आज मशीन देखेगा!”

किनारा बारीक होत गेला. माझ्या लाइफ जॅकेटचे पट्टे मी तिसऱ्यांदा आवळले. पडदा काळा, त्यात तळाची पिवळट रेघ. आणि मग ते दिसले. खडकाच्या कडेला तीन जाड ठिपके, श्वास घेतल्यासारखे हलणारे. हामूर!

बाबांनी दोरी सोडली. आमिष खाली जाताना दिसत होतं. एक ठिपका वर सरकला. थांबला. पुन्हा थोडा सरकला. त्याला काहीच माहीत नव्हतं हो! वरून तीन माणसं, एक मशीन आणि सात मागण्या त्याच्याकडे बघतायत, आणि तो आपला कोलंबीचा वास घेतोय! तो वेडा व्हायचा तेव्हा होवो, मी आधीच झाले होते.

“दिसते काय?” बाबांनी हळूच विचारलं.

मी दांडा डावीकडे फिरवला. पडदा रिकामा.

“मफी!” मी ओरडले. काहीच नाही!

“मफी?” बू खालिदचा भोंगा. “यल्ला, आगे!”

पुढच्या जागी दोन ठिपके. दांडा उजवीकडे. “मफी!” त्यापुढे एकच, पण बैलाएवढा. दांडा पुन्हा डावीकडे. “मफी!” तिसऱ्या वेळी माझा आवाज असा चिरकला की एक समुद्रपक्षी उडाला.

बाबांचा हात हळूच दांड्यावर आला. दिसत नसलं तरी बोटांना दिशा कळते.

“अवं,” ते कुजबुजले, “तू फिरवते काय?”

“बाबा, त्यांचाही जीव आहे!”

“अन् माहा?”

उत्तर शोधायला वेळच मिळाला नाही. दांडा डावीकडे, म्हणजे मशीन डावीकडे बघणार, आणि बू खालिद तर आज बघणारच नव्हते! समोर काय आहे ते संबंध बोटीवर कुणीच बघत नव्हतं.

खर्रर्रर्र!

बोट वाळूत घुसली, कलली, बाबा आईसबॉक्सवर पडले आणि मी सरळ पाण्यात!

मी बुडाले. नाकात पाणी, तोंडात पाणी, डोक्यावर काहीतरी हिरवं आणि बुळबुळीत. लाइफ जॅकेट वर सरकून कानांवर आलेलं. मी हात मारले, पाय मारले, “बाबा! आई!” अशी हाक मारली. मनात आलं की आपण गेलो, आणि पत्रकावर शुद्धलेखनाच्या दोन चुका राहून गेल्या.

“उभी राय,” वरून बाबांचा आवाज.

“बुडतेय मी!”

“अवं, उभी राय! गुडघ्याएवढं हाय!”

मी उभी राहिले. पाणी गुडघ्याच्याही खाली होतं. आणि बघता बघता आणखी खाली जात होतं, कारण ओहोटी लागली होती. भरती येईपर्यंत बोट हलणार नव्हती. चारी बाजूंना समुद्र, मध्ये वाळूचा पट्टा, आणि त्यावर माझ्याकडे चालत येणारे बू खालिद. इतकी भीती मला बुडतानाही वाटली नव्हती.

“शिनू हाज़ा?” ते गरजले. हे काय आहे? “मशीन ख़राब? या काम ख़राब?”

बाबा बोटीतून उतरले. हात मागे बांधले. चेहरा पांढरा.

“मेरा ग़लती, बू खालिद,” ते म्हणाले. “मेरा...”

मला कळलं, ते आता डोळ्यांचं सांगणार! मला वाचवायला! वीस वर्षांची नोकरी वाळूवर सांडणार! मी धावत मध्ये गेले आणि पत्रकात लिहितात तसं, मुद्देसूद ओरडले:

“एक! मच्छी था! दो! तीन जगह था! तीन! मैं मशीन घुमाया! बाबा का ग़लती नहीं, बाबा को तो कुछ दिखता ही नहीं!”

माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. बाबांनी डोळे मिटले. बिचाऱ्यांना त्याने फारसा फरक पडत नव्हता.

मला हुंदका आला. हामूर वाचवायला निघालेल्या मी भर समुद्रात स्वतःच्या बापाला गळाला लावलं होतं.

बू खालिद माझ्याकडे वळले.

“मच्छी था? किधर था?”

आता सांगते, म्हणजे तुम्ही माझी बाजू समजून घ्याल. सांगितलं तर हामूर मेला. नाही सांगितलं तर मशीन खोटं, आणि बाबा वर्ध्याला. मी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. शेवटी गप्प राहिले. पेचात सापडल्यावर तत्त्वनिष्ठ माणूस गप्पच बसतो.

बू खालिदने बोटीतून हातदोरी काढली, गळाला कोलंबी टोचली आणि वाळूच्या कडेकडेने चालू लागले. पलीकडे पाणी एकदम खोल आणि निळं होतं. दर दहा पावलांवर ते थांबत, मागे वळत, माझ्याकडे बघत.

“इधर?”

मी आकाशाकडे पाहिलं.

“इधर?”

मी पायातल्या शिंपल्याकडे पाहिलं.

मग ते त्या जागी पोहोचले, जिथे तो बैलाएवढा ठिपका होता. मी अगदी सहज, निर्विकार, शहाण्या माणसासारखी उभी राहिले. निदान मला तसं वाटलं.

“हाहा!” बू खालिद हसले. दोरी सोडली.

मिनिटभरात दोरी ताणली. बाबा आवाजाच्या दिशेने धावले, दोघांनी मिळून ओढलं, आणि वाळूवर हामूर येऊन आपटला. ठिपक्यांचा, जाड ओठांचा, अतिशय नाराज. (माझ्यावरच. मला कळत होतं.)

“मशीन सच्चा!” बू खालिद म्हणाले. “काम सच्चा!” बाबांच्या पाठीवर थाप पडली.

“और... आँख?” बाबांनी चाचरत विचारलं.

“आँख! मैं छह महीना से जानता है, रफ़ीक़. तुम चाय का चमचा कप के बाहर घुमाता है! आँख का डॉक्टर बहुत है. ऐसा वायरिंग वाला मफी. पहले ऑपरेशन, फिर व्हिसा. इंशाल्ला नहीं, पक्का!” (रफ़ीक़ म्हणजे मित्र.)

बाबा तिथेच वाळूवर बसले आणि डोळे पुसू लागले. पाणी मोतीबिंदूचं, असं त्यांनी आईला सांगितलं.

भरती दुपारी आली. तोवर बू खालिदने आणखी दोन हामूर काढले. पुढच्या शुक्रवारी फोन आला, “बिंत को लाओ!” ऑपरेशन झालं, बाबांना पडद्यावरचा कोलंबीचा पायसुद्धा दिसू लागला, तरी दर शुक्रवारी फोन येतोच. बू खालिद पडद्याकडे ढुंकून बघत नाहीत. ते माझ्या तोंडाकडे बघतात. माझा रंग उडाला की गळ टाकतात.

मी पत्रकाची दुसरी आवृत्ती काढली, त्यांनी दुसऱ्या बोटीची ऑर्डर काढली. परवा तर मी काळा चष्मा लावून, नाकापर्यंत ओढणी बांधून बोटीवर गेले. आता बघा म्हटलं कुठे बघताय ते! बू खालिदने शांतपणे माझ्या थरथरणाऱ्या गुडघ्यांकडे पाहिलं.

हामूर चार किलोचा निघाला.