मी उठले नाही

आमच्या चर्चमध्ये बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. नवराबायको दाराशीच वेगळे होतात. एका घरात राहणाऱ्या रूथबाई आणि सुमनबाई मात्र वर्षानुवर्षं एकाच बाकावर बसतात, एकच चष्मा आलटूनपालटून लावून गीतं गातात. त्यांच्याकडे बघून मला नेहमी वाटतं, संसार म्हणजे आणखी काय असतं?

आज पाळकसाहेब म्हणाले, "दोन बायकांच्या लग्नाला कायद्यानं मान्यता देऊ नये, असं ज्यांना वाटतं त्यांनी उभं राहावं."

बाकं करकरली. सगळे उठले. त्या दोघी बसून राहिल्या, मान ताठ. आणि मीही.

प्रभूची प्रीती मी याच बाकावर शिकले. तिला कुंपण असतं, असं तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

शेजारच्या घरची सून वाकून कुजबुजली, "आजी, गुडघे दुखतात का?"

"गुडघे ठणठणीत आहेत," मी म्हटलं, पार वेदीपर्यंत ऐकू जाईल असं.