माझी टाळू कोणी भरली

सुरुवातीलाच वाचणाऱ्यांची क्षमा मागतो. मेंदूविषयी काही लिहावं असा माझा अधिकार नाही. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मानसशास्त्र हा माझा एक विषय, आणि त्यातले निम्मे शब्द मी अजून इंग्रजीत पाठ करतो आणि मग स्वतःशी मराठीत समजून घेतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, त्यामुळे चुकलं तर सांगणारंही घरात कोणी नाही. शिवाय ही गोष्ट माझ्यापेक्षा माझ्या आईची जास्त आहे. तिला विचारलं तेव्हा म्हणाली, "लिही की. पण नाव घालू नको." म्हणून कोणाचंच नाव घातलेलं नाही.

आमचं गाव कर्नाटकच्या सीमेवरचं, तंबाखूचं. आई तिथल्या एका वखारीत तंबाखू चाळायला जाते, वडील पोती उचलतात. मी बेंगळुरूत, के. आर. पुरमच्या स्टेशनामागे एका खोलीत इतर मुलांबरोबर राहतो. माझी मोठी बहीण लग्न होऊन याच शहरात, येलहंक्याला आली. तिला मी अक्का म्हणतो. दाजी तिथेच एका वर्कशॉपात आहेत.

गेल्या वर्षी अक्काला दिवस गेले. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात. पण अक्काच्या अंगात रक्त कमी होतं आणि इथल्या डॉक्टरीणबाईंनी लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलं. तेव्हा लेक माहेरी जाणार नाही तर आई तिच्याकडे येणार, हे सगळ्यांनी धरून चाललं होतं. आई सोडून सगळ्यांनी.

आधी म्हणाली, वखारीत रजा मिळत नाही. मग म्हणाली, गुडघे दुखतात. मग म्हणाली, "आत्ती येईल की. तिचा हात चांगला हाय." आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण, आमच्या शेजारच्याच घरात राहते.

अक्का फोन ठेवायची आणि लगेच मला लावायची.

"आत्तीचा हात चांगला असंल रे. मला आईचा पायजे."

"येईल गं."

"यायची असती तर गुडघ्याचं नाव घेतलं असतं काय? दिवसभर उकिडवी बसून चाळती तवा न्हाई दुखत."

आई अशी का करते ते मलाही कळत नव्हतं.

त्याच सुमाराला कॉलेजातल्या आमच्या बाईंनी एका संशोधनाबद्दल सांगितलं. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर आईची तब्येत कशी होती, पहिली काही वर्षं मुलाने कोणत्या परिस्थितीत काढली, आणि त्याचा मेंदूच्या घडणीशी काही संबंध दिसतो का, हे पाहणारं ते काम होतं. त्यांना माझ्या वयाची मुलं हवी होती. मी गेलो. खरं सांगायचं तर मेंदूचा फोटो काढून मिळेल याचंच मला जास्त अप्रूप होतं.

त्यांचं ऑफिस बेंगळुरूतच, बेळ्ळंदूरला. तिथल्या डॉक्टर मॅडम पुण्याच्या होत्या. पहिल्याच दिवशी माझं कानडी हेलाचं बोलणं ऐकून म्हणाल्या, "तुझं मराठी इतकं गोड आहे ना, मला वाटतं मला कन्नड समजायला लागलंय." मी लाजलो. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. पोटात असताना आणि जन्मानंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत मेंदू सगळ्यात भराभर वाढतो. त्या काळात आईला पोटभर अन्न नसेल, धुळीत काम करावं लागत असेल, किंवा तिचं मन आजारी असेल, तर आठवणी सांभाळणारे आणि भीती आवरणारे मेंदूचे जे भाग आहेत त्यांच्या वाढीत थोडा फरक पडू शकतो.

"शकतो," त्या परत म्हणाल्या. "हा शब्द विसरायचा नाही."

मशिनीत मला आडवं केलं. कानात बोळे घालूनही केवढा आवाज. वखारीतली चाळणीची मशीन चालू झाली की असाच दणका असतो, त्यामुळे मला झोप लागायला लागली. बाहेर आल्यावर टेक्निशियन कन्नडमध्ये म्हणाला, "इथं लोक घाबरतात, तू घोरत होतास."

त्यानंतर आईच्या तब्येतीचे प्रश्न होते. त्यांची उत्तरं मला ठाऊक नव्हती म्हणून मी घरी फोन केला. स्कॅन केल्याचं सांगताच आई घाबरली. आमच्याकडे डोक्याचा फोटो काढला म्हणजे माणूस गेल्यात जमा.

"पडलास काय? खरं सांग."

"पडलो न्हाई. अभ्यासासाठी हाय. माझ्या येळंला तू बरी होतीस न्हवं?"

"बरीच होते," ती म्हणाली आणि फोन वडिलांकडे दिला.

मॅडमनी मला माझ्या मेंदूचं एक चित्र दिलं होतं. ते मी वडिलांच्या मोबाइलवर पाठवलं. वडील म्हणाले, "कोबीचा गड्डा हाय की रे ह्यो. ह्यात मार्क कुठं ठेवलायस?" मागून आई हसल्याचं ऐकू आलं नाही. एरवी ती वडिलांच्या असल्या बोलण्याला हसते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वखारीच्या सुट्टीत तिनेच फोन केला. ती स्वतःहून फोन करत नाही.

"त्या चित्रात दिसतंय काय," तिने विचारलं, "टाळू कुणी भरली ते?"

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर मऊ, धडधडणारी जागा असते, ती टाळू. आमच्याकडे बाळाला रोज पायांवर घेऊन न्हाऊ घालायच्या आधी तिथे तेल जिरवतात. त्याला टाळू भरणं म्हणतात. टाळू भरली की डोकं भरतं, पोर हुशार निघतं, असं आमच्या बायका मानतात. आणि ते आईने किंवा आजीने करायचं असतं.

मी हसून म्हणालो, "असं कसं दिसंल?"

"मी न्हाई भरली तुझी," आई म्हणाली.

मग ती बोलत राहिली. मागे बायकांचा गलका होता, त्यामुळे ती मोकळेपणाने बोलली असावी. मी पोटात असताना ती वखारीतच होती. तंबाखूच्या खकाण्याने उलट्या व्हायच्या, खाल्लेलं राहायचं नाही. मी झालो तो अगदी बारका. आणि माझ्यानंतर तिला काहीतरी झालं. काय ते तिला आजही सांगता येत नाही. झोप गेली. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. बाळ रडलं की दुसऱ्या कोणाचं तरी रडतंय असं वाटायचं. मला घ्यावंसं वाटायचं नाही, घेतलं तर हातातून पडेल अशी भीती वाटायची. लोक म्हणाले, बाहेरचं काहीतरी आहे. अंगारे झाले. वर्ष होत आलं तेव्हा ते आपोआप उतरलं. तोवर मला आत्तीने सांभाळलं. न्हाऊ घातलं, टाळू भरली, रात्री कुशीत घेतलं.

"अक्काला मीच सगळं केलं होतं," ती म्हणाली. "तुझ्या येळंलाच हात आकसला. तू बोलायला उशिरा लागलास, तवा मला वाटलं, माझ्यामुळंच. आता तू म्हणतोस डॉक्टर मेंदू बघाय लागलेत. दिसत असंल तर सांग मला."

मी म्हणालो, "विचारून सांगतो."

"आणि अक्काला सांग, आत्तीलाच बोलव. पुन्हा बाळ हातात घेतलं आणि तसंच झालं तर?"

रजा नाही, गुडघे नाही, हे खरं कारण होतं.

मी बेळ्ळंदूरला गेलो. मॅडमपुढे बसून मला नीट विचारताही येईना. शेवटी आईचाच प्रश्न तसाच विचारला, टाळूसकट. मॅडम हसल्या नाहीत.

"तिला सांग, टाळू तेलाने भरत नाही. हाड वाढतं आणि ती आपोआप भरून येते. कोणाचीही भरते," त्या म्हणाल्या. "आणि दुसरं. एका माणसाचं चित्र बघून त्याच्या आईला काय झालं होतं, हे मला सांगता येत नाही. कोणालाच येत नाही. शेकडो चित्रं एकत्र ठेवली की सरासरीत जरासा फरक दिसतो, तोही सगळ्यांत नाही. तुझ्यात मला उपचार करण्यासारखं काही दिसलेलं नाही. एवढंच मी सांगू शकते."

मी मान हलवली. मला याहून मोठं काहीतरी हवं होतं बहुतेक.

"तिला जे झालं तो आजार होता," मॅडम पुढे म्हणाल्या. "खूप बायकांना होतो. औषध आहे, बोलून बरं करता येतं. तेव्हा तिला कोणी डॉक्टरकडे नेलं नाही, यात तिचा काय दोष? आणि त्या वर्षात तुला उचलून घेणारं कोणीतरी होतं ना? ते फार महत्त्वाचं असतं. आत्याची मांडीसुद्धा त्यात धरायची."

मी उठलो तेव्हा त्यांनी परत बसवलं. "बहिणीकडे मात्र लक्ष ठेवा. बाळंतपणानंतर ती गप्प झाली, झोपेनाशी झाली, तर लगेच दाखवा. हे घरात सगळ्यात आधी कोणाला कळेल?"

उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आईला हे सगळं फोनवर सांगताना मी दोनदा अडखळलो. आजार हा शब्द मी वापरला, तेव्हा ती म्हणाली, "आजारच म्हटल्या त्या? बाधा न्हाई?" मी म्हणालो, आजारच. मग अक्काचं सांगितलं. म्हणालो, "आत्तीला न्हाऊ घालता येतं. पण अक्का भिंतीकडं तोंड करून पडली तर आत्तीला काय कळणार? तुलाच कळंल."

ती कन्नडमधून, दुकानदाराला म्हणावं तसं "सरी", म्हणजे बरं, म्हणाली आणि फोन ठेवला. येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही.

अक्काला मी आईचं काही सांगितलं नाही. ते आईने सांगायचं होतं. पुढचे काही आठवडे अक्का विचारायची आणि मी म्हणायचो, "स्वल्प थांब." इथे राहून राहून 'थोडं'साठीचा हा कन्नड शब्द माझ्या तोंडात बसलाय.

अक्का दिलेल्या तारखेच्या आधीच बाळंत झाली. माझी परीक्षा चालू होती. पेपर सुटल्यावर फोन चालू केला तर दाजींचा निरोप होता, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. मी उलट फोन केला.

"आई?" मी विचारलं.

"गावातून कोण तरी गाडीत बसलंय म्हणतात. आत्ती का आई, तुझ्या वडलांचं मला कळंना. फोन कटतोय सारखा."

नंतर ना दाजींचा फोन लागला, ना वडिलांचा. दुसऱ्या दिवशी शेवटचा पेपर होता. तो मी कसाबसा लिहिला. बाहेर येऊन येलहंक्याची बस धरायला निघालो तेव्हा अक्काचा फोन आला. तिचा आवाज थकलेला होता, पण गप्प झालेल्या माणसाचा नव्हता.

"कुठं हायस?" ती म्हणाली.

"येतोय. कोण आलंय गं?"

"हळू बोल, ऐकू जाईल तिला. मघाशी बाळाला पायांवर घेतलं तिनं. आधी नुसतीच बघत बसली, तेलाला हात लावंना. मी म्हटलं, राहू दे, मी करते. तर म्हणाली, तू नीज. आणि मग तेल घेतलं, बोटानं थोडं थोडं, आणि टाळूवर ठेवलं. आई आलीय रे."