कौशल्याच्या रकान्यात जेवण

दर सहा महिन्यांनी भरायच्या फॉर्मच्या शेवटी एक रकाना असतो: ट्रान्सफरेबल स्किल्स. संशोधन करताना अंगी आलेली, पुढे कुठेही उपयोगी पडतील अशी कौशल्यं तिथे लिहायची. यंदा माझ्या रकान्यात माझ्या गाइड सरांनी लिहिलं, 'नेतृत्व व नियोजन: परीक्षकांच्या भोजनाची व्यवस्था.' त्याखाली मी सही करायची होती. सही झाली की प्रबंध सादर करायला परवानगी. नाही झाली तर सहा महिने लांबणीवर.

मी सेहेचाळीस वर्षांची आहे. नाशिकमध्ये एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि चार वर्षांपासून तिथेच पीएचडी करते. आमच्याकडे पद्धत अशी की बाहेरचे परीक्षक आले की त्यांची गाडी, खोली, जेवण, शाल, नारळ हे सगळं पीएचडी करणाऱ्यांनीच बघायचं. मी याद्या करते हे सरांना कळलं आणि दुसऱ्यांच्या परीक्षांचं कामही माझ्याकडे आलं. कोणाला बिनसाखरेचा चहा, कोणाला कांदा-लसूण चालत नाही, सगळं माझ्या वहीत आहे. माझा स्वतःचा विषय कांद्याची साठवण हा आहे, याचं कोणाला हसूही आलं नाही.

विंचूरजवळ कांदा साठवायच्या एका चाळीत, कांद्याच्या ढिगात मी तापमान मोजणारी यंत्रं लावली होती. पहिल्या वर्षी दोन महिन्यांनी जाऊन बघते तर सगळी यंत्रं बाहेरच्या खिळ्याला टांगलेली. दोन महिने मी अंगणातली हवा मोजत होते. चाळीच्या मालकीण आजींना मी आलेख दाखवून समजवायला लागले.

"ओ मॅडम, ती वायर पायात येती," त्या म्हणाल्या. "आम्ही कांदा निवडायचा का तुमची वायर राखायची? तुम्ही कधी सडका कांदा हातात धरलाय का?"

नव्हता धरला. मग रविवारी जाऊन बायकांच्या ओळीत बसले. निवडताना हात कुठून कुठे जातो, ढिगाचा कोणता भाग आधी गरम लागतो, हे त्यांनी दाखवलं. सडक्या कांद्याचा वास आठवडाभर बोटांना राहायचा. वायरी छतावरून घ्यायच्या आणि यंत्रं कांद्याच्याच जाळीच्या पिशवीत घालून ढिगात ठेवायची, हे आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. त्यानंतर एकही यंत्र कोणी काढलं नाही. आजी तर फोन करायच्या, "तुमची तीन नंबरची पिशवी लय तापलीय. येता का?"

फॉर्म तपासणाऱ्या आढावा समितीपुढे मी हे सगळं सांगितलं. एक सदस्य म्हणाले, "छान. पण संवादकौशल्याच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र कुठंय?"

"नाही."

"मग ते लिहिता येणार नाही."

सरांना वाटलं त्यांनी मला वाचवलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "जेवणाचं टाकलंय मी. त्याचे फोटो आहेत आपल्याकडे. सही करा आणि मोकळ्या व्हा."

"सर, चाळीचं लिहा."

"मॅडम, तुम्ही फार मनाला लावून घेता. कोण वाचतं तो रकाना?"

"कोणी वाचत नसेल तर खरं लिहायला काय हरकत आहे?"

त्यांनी फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवला. मी सही केली नाही. राग सरांपेक्षा माझा मलाच जास्त आला. चार वर्षं वाढप्यांना फोन करताना मी एकदाही विचारलं नव्हतं, हे माझं काम कसं?

सहा महिने गेले, ते गेलेच. गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका गाइडच्या विद्यार्थिनीचा फोन आला. तिचं पहिलंच वर्ष.

"मॅडम, आमच्या सरांनी सांगितलं परीक्षकांच्या जेवणाची यादी तुमच्याकडे आहे."

"आहे."

"पाठवता?"

"नाही. तुमच्या प्रयोगाचं यंत्र आलं का?"

"आलंय. जोडायचं राहिलंय."

"मग ते जोडा. जेवणाचं तुमच्या सरांना करू द्या. त्यांनी कधी केलेलं नाही. त्यांच्याही अंगी एखादं कौशल्य येऊ दे."

ती हसली. "मॅडम, मी असं सांगू त्यांना?"

"माझं नाव घेऊन सांगा," मी म्हटलं. माझा फॉर्म तसाही ड्रॉवरमध्येच होता.