बेसताईंचा बुटका देव

बेसताई पावणेसहा फूट उंच होत्या, पण देवाची नक्कल करायला लागल्या की साडेतीन फुटांच्या होत. गुडघे बाहेरच्या बाजूला वाकवायचे, हात मांड्यांवर टेकवायचे, डोळे वटारायचे आणि जीभ पार हनुवटीपर्यंत काढायची. त्यांना स्थळकाळाचं भान नसे. अमेरिकेत, कोलंबसजवळच्या डब्लिनमधल्या देशी दुकानात, तूरडाळीच्या पिशव्यांसमोर, त्यांनी मला ही नक्कल पहिल्यांदा करून दाखवली. मी फक्त "तुम्ही काय शिकता?" एवढंच विचारलं होतं.

त्या कोलंबसला पीएच.डी. करत होत्या. विषय, प्राचीन इजिप्तमधल्या बुटक्या देवांचे ताईत. बोटाच्या पेराएवढ्या निळ्या-हिरव्या मूर्ती, गळ्यात दोऱ्यात ओवायच्या. त्यातला मुख्य देव बेस, म्हणून या बेसताई. हे नाव मराठी मंडळातल्या पोरांनी ठेवलं आणि त्यांनी आनंदाने लावून घेतलं. राहायच्या आमच्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर.

बाई तशी हसरी, पण एका वाक्यावर हमखास भडकायची. "म्हणजे आपला वामनच की हो!" प्रत्येक पार्टीत हे म्हणणारा एक तरी काका असायचाच. बेसताई हातातली प्लेट खाली ठेवत. "नाही हो काका, तो आपला कोणी नाही. त्याला सिंहाची आयाळ आहे, शेपूट आहे, डोक्यावर पिसांचा मुकुट आहे. त्याचं त्याला राहू द्या ना बाप्पा." त्या नागपूरच्या, त्यामुळे चिडल्या की 'बाप्पा' यायचंच. पुढे त्या सांगत, की चित्रांमधले इजिप्तचे बाकीचे मोठे देव एका बाजूला तोंड करून उभे असतात. हा मात्र सरळ तुमच्या डोळ्यांत बघतो. काका बिचारे गुलाबजामात बघत बसायचे.

एकदा मंडळाने गणपतीत त्यांचं भाषण ठेवलं. पैठणी नेसून बाईंनी स्टेजवर गुडघे वाकवले आणि जीभ काढली. पुढचा आठवडाभर डब्लिनमधली यच्चयावत मराठी पोरं जीभ काढून हिंडत होती. एका काकूंनी फोनवर तक्रार केली, "असला कुरूप देव मुलांना कशाला दाखवायचा?" बेसताई म्हणाल्या, "कुरूप नाही काकू. आत बाळंतीण झोपली आहे आणि हा दारात उभा आहे. वाईट काही आलं तर हसून स्वागत करेल का?"

शेजारी बसलेल्या मला त्यातलं 'बाळंतीण' एवढंच ऐकू आलं. आदल्या वर्षी माझं बाळ पाचव्या महिन्यात गेलं होतं. त्यानंतर २००३ च्या हिवाळ्यात मला पुन्हा दिवस राहिले होते आणि डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही म्हणून बजावलं होतं. पुण्यात बाबा आजारी, त्यामुळे आईला येता येईना. नवऱ्याला, सुहासला, ऑफिस. दिवसभर मी छताकडे बघत पडलेली, आणि हेही गेलं तर माझं काय होईल, याखेरीज डोक्यात काही नाही.

बेसताईंनी धीर वगैरे दिला नाही. त्या सरळ लॅपटॉप घेऊन माझ्या पायथ्याशी येऊन बसल्या आणि फोटोंचा एक गठ्ठा माझ्या अंगावर टाकला. "नुसती काऊन पडून राहिलीस? जीभ काढलेले एका बाजूला कर, डफ वाजवणारे दुसऱ्या बाजूला. टकले वेगळे. ते बेस नाहीत, ते दुसरेच, मगरींवर उभे असतात." त्या रोज येत. कुकरच्या तीन शिट्ट्या करून वरणभात लावत आणि पुन्हा प्रबंधात डोकं घालत. मला त्या टकल्यांचाही लळा लागला. सातवा महिना कधी लागला, कळलंच नाही.

एका फोटोतला बेस मात्र फार गोड होता. नाक झिजलेलं, जीभ अर्धी. मी विचारलं, "हा कुठे सापडला?"

"एका लहान मुलीच्या गळ्यात," त्या म्हणाल्या. मग लॅपटॉपवरून डोळे काढून, "थडग्यात."

मी फोटो खाली ठेवला. "मग काय उपयोग झाला हो त्याचा, ताई?"

एरवी या बाईंना कुणी मधेच थांबवू शकत नसे. त्या दिवशी त्या नुसत्या माझा पाय चेपत बसल्या.

मुक्ता व्यवस्थित झाली, चांगली सात पौंडांची. बेसताई बाळंतिणीच्या खोलीत आल्या त्या थेट जीभ काढूनच, नर्स दचकली. पुढच्या वर्षी त्यांना कॅलिफोर्नियात नोकरी लागली. भाड्याच्या ट्रकात सामान चढवून झाल्यावर त्यांनी स्वतः मातीचा करून, भाजून, रंगवलेला एक छोटा बेस मुक्ताच्या गळ्यात घातला. मी दारात उभी राहून हुंदके देत होते. सख्खी बहीण निघाली असती तरी मी इतकी रडले नसते.

मुक्ताने तो कधी काढला नाही. आंघोळीतसुद्धा नाही. आणि ती चार वर्षांची असताना, एका शनिवारी पार्कमध्ये, मला तिचा गळा रिकामा दिसला. मी वाळूत गुडघे टेकून दोन्ही हातांनी उकरायला लागले. चांगली शिकलेली बाई मी, पण मूठ-मूठ वाळू चाळत होते. मुक्ता म्हणत होती, "आई, इट्स ओके." माझं कसलं ओके. वाळूत बसूनच मी बेसताईंना फोन लावला आणि लहान मुलीसारखी रडत सांगितलं, "ताई, बेस हरवला."

त्यांनी आधी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "तू तेव्हा विचारलं होतंस ना, त्या मुलीला काय उपयोग झाला म्हणून, त्यावर मी आजवर विचार करून राहिले आहे. आम्हाला पूर्ण, धड मिळतात ते बहुतेक थडग्यांतले. ज्यांची पोरं जगली, त्यांचे कुठून मिळणार? ती पोरं पळाली असतील, झाडावर चढली असतील, दोरे तुटले असतील. हजारो बेस असेच हरवले असतील गं. त्यांच्या आयांनीही शोधले असतील. मुक्ता कुठे आहे?"

मी मान वर केली. मुक्ता घसरगुंडीच्या शिडीवर होती, सगळ्यात वरच्या पायरीवर.

"वर चढली आहे," मी म्हटलं.

"मग ऊठ," बेसताई म्हणाल्या, "आणि तिला खाली झेल."