करड्या सशाचा गोग्रास

कोल्हा आला असता तर बरं झालं असतं, असं मी आजही चिडून म्हणते. कोल्ह्याला निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्समधल्या आमच्या घरामागच्या गार्डनमध्ये दोन ससे होते. एक करडा, एक पांढरी. माझ्या आठ वर्षांच्या मुलीने वर्षभर हट्ट करून मिळवलेले. मी सॉफ्टवेअर टेस्टर. कुठे काय बिघडेल हे आधी शोधायचं, हेच माझं काम. सशांच्या बाबतीतही मी तेच केलं. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ जाळी कोल्हा दातांनी फाडतो असं वाचलं, लगेच जाड वेल्डेड जाळी आणली. ससे बोगदे खणतात, म्हणून खाली फरश्या टाकून घेतल्या. दाराला दोन कड्या, वर ताडपत्री. थंडीत पाण्याची बाटली गोठते, म्हणून तिला जुना लोकरी मोजा. उन्हाळ्यात सशाच्या शेपटीखाली माशी अंडी घालते आणि अळ्या त्याला जिवंत खातात, म्हणून सकाळ-संध्याकाळ दोघांना उचलून मागून तपासायचं. नवरा म्हणायचा, पोरीच्या वेळी तू एवढी डोळ्यांत तेल घालून बसली नव्हतीस. म्हणू दे. मला माझ्या त्या पिंजऱ्याचा भारी अभिमान होता.

मे महिन्यात सासूबाई पुण्याहून आल्या. शाळेतून रिटायर झालेल्या, इंग्रजी उत्तम, आवाज कधी म्हणून चढत नाही. त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येत नाही. त्यांचा एक नेम आहे. जेवायला बसण्याआधी गरम पोळीचा तूप-गूळ लावलेला घास गाईसाठी बाजूला काढायचा. पुण्यात त्यांच्या सोसायटीच्या गेटपाशी एक बाई गाय घेऊन बसते. गाईच्या तोंडात घास गेल्याशिवाय सासूबाई जेवत नाहीत. इथे गाय कुठून आणायची? दोन दिवस त्यांनी तो घास कुंपणावर ठेवला, तो मॅगपाय पक्ष्यांनी पळवला. तिसऱ्या दिवशी त्या स्लिपर्स घालून मागच्या दाराने बाहेर गेल्या आणि जाळीतून घास करड्याला भरवला. त्याने तो मिटक्या मारत खाल्ला. आत येऊन पानावर बसल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला काही बोलवेना.

सशाला पोळी चालत नाही. पीठ आणि गूळ पोटात आंबतात, आतडी थांबतात, ससा खाणं सोडतो आणि एका दिवसात जाऊही शकतो. त्याला हवं असतं गवत. ओलं नाहीतर वाळलेलं, पण गवतच. मला हे सगळं पाठ होतं. मी एकदा, फक्त एकदा, चहा देताना म्हटलं की आई, त्यांना गवतच मानवतं. त्या हसून म्हणाल्या, अगं, गाय तरी दुसरं काय खाते? एवढासा तर तुकडा. मग मी नवऱ्याला म्हटलं, तू बोल, तुझी आई आहे. तो म्हणाला, जाऊ दे ना, तिला बरं वाटतं, ऑक्टोबरमध्ये परत जाणारच आहे. हा माणूस ऑफिसात अख्ख्या टीमला फैलावर घेतो आणि आईपुढे मूग गिळून बसतो. पण त्याला कुठल्या तोंडाने बोलू? मीही बसलेच की.

मुलगी मात्र सरळ. तिने मला किचनमध्ये गाठलं आणि सांगितलं की आजी रोज पोळी देते आणि तिच्या सशांच्या पुस्तकात तर नो ब्रेड असं लिहिलंय. मी तिलाच दटावलं. आजीला काही बोलायचं नाही, तिला वाईट वाटेल. ती निघून गेली.

जुलैतल्या एका शनिवारी सकाळी करडा कोपऱ्यात अंग आखडून बसला होता. गवताला तोंड लावलेलं नाही, लेंड्या नाहीत, पोट फुगून टणक. मी व्हेटला फोन करेपर्यंत मुलगी त्याला टॉवेलात गुंडाळून गाडीत जाऊन बसलीसुद्धा. सासूबाईही आल्या. वाटभर त्याच्या कानांवरून हात फिरवत होत्या.

व्हेट तरुण होती, शांत होती. तिने पोट चाचपलं आणि मला विचारलं, हा काय काय खातो? गवताशिवाय काही? ब्रेड, बिस्किट, काहीही? मी रागावणार नाही, मला फक्त उपचार ठरवायचेत. माझ्या एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला मुलगी. एका वाक्याचं काम होतं.

"फक्त गवत," मी म्हटलं. "आम्ही त्याबाबतीत फार स्ट्रिक्ट आहोत."

फार स्ट्रिक्ट! लाज नाही वाटली मला.

दवाखान्यात करड्याला ठेवून घेतलं. दुपारी फोन आला की तो गेला. खरं सांगितलं असतं तर वाचला असता का, हे मी व्हेटला कधीच विचारलं नाही. विचारायचं तर आधी खोटं कबूल करावं लागलं असतं, आणि तेवढी धमक माझ्यात नव्हती. संध्याकाळी सासूबाई किचनमध्ये आल्या. म्हणाल्या, तिथे मी पोळीचं सांगणारच होते, पण तू पटकन बोललीस. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "पोळीने नाही ना गं गेला तो?"

"नाही हो, आई," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी त्या परत घास घेऊन बाहेर गेल्या. का नाही जाणार? मीच तर त्यांना सांगितलं होतं की त्याने काही झालं नाही. पांढरी एकटीच जाळीपाशी आली. मी खिडकीतून बघत होते आणि माझे पाय जागचे हलले नाहीत. हलली ती मुलगी. धावत जाऊन जाळीला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, नको. तो पोळीनेच मेला. आईला माहीत होतं."

सासूबाईंनी वळून खिडकीकडे बघितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत आणि नंतर ऑक्टोबरपर्यंत त्यांनी या घरात घास कधी काढला नाही. माझ्याशी बोलायच्या, पण पाहुण्यांसारखं, मोजकं आणि गोड. कुठलीही गोष्ट खरी आहे का, हे त्या नातीला विचारायच्या.

त्या परत गेल्यावर पांढरीची लस होती. तीच व्हेट. तिने वजन केलं, दात बघितले आणि माझ्याकडे वळून विचारलं, खाणंपिणं कसं आहे? मी तोंड उघडायच्या आत मुलगी पुढे झाली.

"आईला नका विचारू," ती इंग्रजीत, अगदी शांतपणे म्हणाली. "मला विचारा."