चपटे किडे आणि साडूचं पाणी

नांदेडच्या साडूनं घरात समुद्राच्या पाण्याची काचेची टाकी केली, म्हणून लातुरात मीही केली. दुसरं कारण नव्हतं. त्याची प्रवाळं फुलायची, माझी आक्रसून बसायची. बायको बहिणीकडून आली की म्हणायची, "दाजींच्या टाकीत पाणी हाय का न्हाई तेच कळंना, इतकं नितळ!" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकदा त्यानं हिरव्या प्रवाळाचा तुकडा दिला, पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही म्हणून. काही दिवसांत त्यावर तिळाएवढे तांबूस, चपटे किडे दिसले. बघता बघता काचही भरली. फोन केला तर म्हणाला, "लई सोपं हाय. नळीनं ओढून घ्या अन् तेवढं नवं पाणी टाका."

नवं पाणी! त्या दुष्काळात लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं. जिल्ह्यांच्या हद्दी आखणाऱ्यांनी गोदावरी मात्र नांदेडकडेच राहू दिली होती. मी किडे ओढले आणि टँकरचं पाणी गाळतो तसं ते पाणी धोतराच्या फडक्यातून गाळून परत टाकीत ओतलं. वाया कसं घालवायचं? पण नळीत तुटलेल्या किड्यांचे तुकडे फडक्यातून उतरले आणि त्यांचेच नवे किडे झाले.

शेवटी एका सकाळी औषध घातलं. किडे मेले, पण त्यांचं विष पाण्यात उतरलं. मासे वर येऊन तोंड वासू लागले. पाणी बदललं नाही तर टाकी संपणार होती. बायकोनं मला न विचारता बहिणीला फोन लावला.

दुपारी साडू गाडीत शुद्ध पाण्याचे कॅन भरून दारात हजर. बाह्या सारून त्यानं मीठ कालवलं आणि माझ्याच घरात मला म्हणाला, "नळी धरा." मी धरली. मासे वाचले याचा आनंद झाला, पण ते त्याच्या हातानं वाचले म्हणून जळफळाटही झाला.

जाताना उरलेला बिनमिठाचा कॅन त्यानं स्वयंपाकघरात ठेवला. टँकरच्या जड पाण्यात कधी न शिजणारी तूरडाळ संध्याकाळी लोण्यासारखी शिजली. वाढताना बायकोनं पळी उंच धरून वरणाची धार मला दाखवली. तेच जास्त झोंबलं.

मी मान खाली घालून आणखी वरण मागितलं.