डिस्कस आणि नळाचं पाणी

आमचे मालक मिलिटरीतून रिटायर होऊन मलकापूरच्या घरी आले, तेव्हा मला वाटलं आता उसाकडं बघतील. त्यांनी मासे आणले. डिस्कस नावाचे, पुरीएवढे गोल आणि चपटे, अंगावर निळ्या-तांबड्या रेघा असलेले पाच मासे. नखरे तर नव्या नवरीला लाजवतील असे. पाणी कोमटच पाहिजे. नळाचं पाणी तसंच चालत नाही, कारण त्यात जंतू मारायची टीसीएल पावडर असते, ती माशांच्या जिवावर उठते. ते पिंपात दोन दिवस उघडं ठेवायचं, मग थोडं थोडं बदलायचं. मी म्हणायचे, माझ्या बाळंतपणात मला कुणी एवढं जपलं नाही. हे नुसते हसायचे.

मग ह्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा कराडला डायलिसिस सुरू झालं. चार तास मशीनला लावून रक्त धुवून घ्यायचं आणि घरी येऊन कोचावर पडायचं. जेवण जाईना, पाणी पेल्यानं मोजून प्यायचं. माशांच्या टाकीकडं मात्र तासन् तास बघत बसायचे. एकदा म्हणाले, "माझं आन् ह्यांचं एकच हाय बघ. घाण काढली न्हाई तर जगत न्हाई." मासे टिकले तर आपणही टिकू, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. तोंडानं कधी बोलले नाहीत, पण इतक्या वर्षांच्या बायकोला ते कळतं. हात उचलेनात म्हणून डायलिसिसच्या दिवशी पाणी मी बदलायचे.

श्रावणात एक मासा मेला. त्याच आठवड्यात ह्यांचे रिपोर्ट जरा बरे आले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, दुसरं काय. पण शेजारीण बोलून गेली, "बरं झालं बाई. घरावरचं संकट माशानं घेतलं." लोक त्यासाठीच तर घरात मासे ठेवतात म्हणे. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, तिथंच शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबलेले मी बघितले, पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

पुढच्या महिन्यात आणखी दोन गेले. हे दिवसातून दहा वेळा पाण्याचं तापमान बघायचे, मोबाइलवर माहिती शोधायचे. शेवटी म्हणाले, "माझ्या हातालाच आता यश न्हाई." मेलेला मासा तळहातावर घेऊन रडले. बर्फात बंदूक घेऊन उभा राहिलेला माणूस तो. मला त्यांची कीव आली आणि त्या कीवेचा रागही आला.

एका दुपारी डायलिसिसला दिराला ह्यांच्याजवळ बसवून मी लवकर घरी परतले, तर आत्ती नळाच्या पाण्याची कळशी टाकीत ओतत होत्या. खालची फरशी ओली झाली होती. म्हणजे ही पहिली कळशी नव्हती.

"आत्ती, आवं, त्यो माणूस ह्या माशांवर जगतोय. तुमी त्यांनाच मारताय व्हय?"

"माझं लेकरू ऱ्हायला पायजे," त्या म्हणाल्या. "मासं काय, परत आणता येत्यात."

मी कळशी हिसकून घेतली आणि तोंडाला येईल ते बोलले. तुम्हीच पोराला खाणार, असंही म्हणाले. ते आठवलं की आज जीभ कापून टाकावीशी वाटते. संध्याकाळपर्यंत चौथा मासा गेला. ह्यांना मी खरं सांगितलं नाही, कारण आपल्या आईनं हे केलं म्हटल्यावर हा माणूस पार खचला असता. उरलेल्या एका माशाच्या आसपास मात्र मी आत्तींना फिरकू दिलं नाही.

दिवाळी झाली आणि ह्यांच्या छातीत पाणी झालं. श्वास घेता येईना. आयसीयूत ठेवलं. डॉक्टर म्हणाले, जवळच्या माणसांना बोलवून घ्या. मी कपडे न्यायला घरी आले. सकाळचे दहा वाजले असतील, नळाला पाणी आलं होतं. आत्ती देवापुढं बसलेल्या. टाकीतला एकटा मासा काचेशी आला, खायला मिळेल म्हणून माझ्या हाताकडं बघत राहिला.

मी बीए झालेली बाई. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. मी नळाखाली बादली भरली आणि टाकीत ओतली. दुसरी भरली, तीही ओतली. वळले तर आत्ती दारात उभ्या. त्यांनी माझ्या हातातली बादली घेतली आणि मोरीत नेऊन पालथी घातली.

हे वाचले. पाच दिवसांनी घरी आले, कोचावर बसले. रिकाम्या टाकीकडं बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "पाणी कुणी बदललं?"

मी सांगणारच होते, असं मी आजवर स्वतःला समजावत आलेय. पण आधी आत्ती बोलल्या.

"म्या बदललं. आदीच्या येळंलाबी म्याच."

त्यानंतर हे सात महिने जगले. आईशी एक शब्द बोलले नाहीत. तिनं ताट आणलं की तोंड फिरवायचे. मग तेच ताट मी धरायचे आणि माझ्या हातून निमूट चार घास खायचे. शेवटच्या दिवशी आत्ती त्यांच्या पायाशी बसल्या होत्या. ह्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. आवाज अगदी खोल गेला होता.

"तू व्हतीस म्हणून मासं तेवढं तरी जगलं," ते म्हणाले.

आत्ती ऐकत होत्या. मी होकारानं मान हलवली.